उसना बंब

चुहात्तर सालचा फेब्रुवारी, उणे एकतीस,
ग्रँड फोर्क्समधल्या बोलिंगच्या अड्ड्यामागची खोली.
अकरा माणसं, दोन खोकी जुनी मासिकं,
आणि ऑर्व्हल ट्वेटनने ल्यूथरन चर्चच्या तळघरातून
एका रात्रीच्या बोलीवर आणलेला
तीस कपांचा कॉफीचा बंब.

रात्रीत हमरस्ता बंद झाला.
एका संध्याकाळचं संमेलन तीन दिवस चाललं.
दुसऱ्या दिवशी पाव संपला, तिसऱ्या दिवशी मुद्दे,
मग मंगळावरच्या पाण्यावरून असे भांडले
की खिडकीवरचं बर्फ आतून वितळलं.
असं ऑर्व्हल सांगायचा,
आणि दरवर्षी पारा दोन अंश खाली न्यायचा.
हवामान खात्याची नोंद मी पाहिली आहे. उणे एकोणीस.

बंब परत करायचा होता. पुढच्या आठवड्यात.
तेवढ्यात दुसरं संमेलन आलं.

पत्रक मार्लिस काढायची, जांभळ्या शाईचं.
सोमवारी बँकेत नोटा मोजताना
गिऱ्हाइकं तिची बोटं बघून विचारायची,
भर थंडीत जांभळं कुठून आणलीस?

छ्याऐंशीत फूट पडली.
पडद्यावरच्या गोष्टींना छापील गोष्टींइतका वेळ द्यायचा का,
असलंच काहीतरी. आता नीट कुणालाच सांगता येत नाही.
रस्त्याच्या अलीकडे एक संमेलन, पलीकडे दुसरं,
शनिवार तोच.
बंब मात्र एकच.
दर दोन तासांनी तो रस्ता ओलांडायचा,
दोघांच्या हातमोज्यांत, वाफ सोडत,
आणि मागोमाग निम्मी माणसं.
तिसऱ्या वर्षी उचलून उचलून कंबर धरली, तेव्हा एकी झाली.

मी आले ती मधल्या वर्षी, तेराव्या वर्षी,
बेल्कोर्टहून, मामाच्या ट्रकमधून.
कुठल्या बाजूला जायचं कळेना. बंबामागे गेले.
बिल्ल्यावर हवं ते नाव लिही, मार्लिस म्हणाली.
शेजारी एक सेनापती उभा होता, गव्हाच्या कोठाराच्या पत्र्याचं चिलखत घालून,
आणि त्याची आई धूमकेतू.
मी पेन धरून उभी, उभी.
मग लिहिलं: डेल्फीन.
तेही चालतं, म्हणाली.

परवाच्या वर्षी ऑर्व्हल गेला.
त्याच हिवाळ्यात कळलं, चर्च बंद होतंय,
रविवारी सहा-सात डोकी, छताला पैसा नाही,
सामानाचा लिलाव.

मी बंब घासला. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला.
चाळीस मैल.
दोन्हीकडे बर्फात सूर्यफुलांची काळी ताटं,
माना खाली घातलेली.

तळघरात इनेझ ब्रेक्के, ब्याण्णव वर्षांची,
मांडीवर सामानाची वही.
दर जानेवारीची यादी, तिच्याच अक्षरात.
खुर्च्या, ताटल्या, स्तोत्रांची पुस्तकं,
आणि पानामागून पान:
बंब, एक. बाहेर.
पन्नास वेळा बाहेर.
हरवला असं एकदाही नाही.

तिने तोटी फिरवून पाहिली.
अजून गळते?
गळते. खाली वाटी ठेवतो.
आम्हीही ठेवायचो.

मग म्हणाली, तुम्ही तिथे करता तरी काय?
मी सांगायला लागले, याने, प्रकाशवर्षं, वेशभूषा,
रात्री दोनचं वाचन, बाथटबमध्ये बर्फ भरून ठेवलेले डबे,
आणि मधेच जीभ अडखळली.
म्हटलं, जे अजून झालेलं नाही
त्याबद्दल बोलत बसतो.
बहुतेक वेळ कॉफी पीत.

ती वहीकडे बघत राहिली.
इथेही तेच चालायचं, म्हणाली.

बंब तिने घेतला नाही.
फेब्रुवारीत स्वतः आली, नातवाच्या हाताला धरून.
नवख्यांची हिरवी फीत लावून घेतली,
बिल्ल्यावर लिहिलं: बंबवाली.
सेनापती, आता पोट सुटलेला, अदबीने बाजूला झाला.
ती सरळ कोपऱ्यात गेली
आणि वाटी
बोटभर डावीकडे सरकवली.