लिमिट स्विच

भोसरी, सेक्टर दहा. पत्र्याची शेड, साठ टनी प्रेस.
जाळीचं दार उघडं असेल तर ती चालू नये
म्हणून तिला एक स्विच असतो, अंगठ्याएवढा.
तो मी बांधला.
तांब्याची तार, तीन वेढे, पक्कडीनं पीळ.
बोऱ्हाडे शेठ म्हणाले होते,
दार लावा दार काढा, यात
शिफ्टमागे दोनशे नग बुडतात.
नग त्यांचे. पीळ माझ्या हातचा.

जेवणाची सुट्टी झाली. ज्ञानोबानं लाल बटण दाबलं
आणि नळावर हात धुवायला गेला.
पण प्रेस बंद केली म्हणजे थांबली असं नसतं.
चाक फिरत राहतं चार-पाच मिनिटं,
वजनानं,
आवाज न करता.

पल्लवी बापाचा डबा घेऊन आली होती.
वॉशर कापताना मधून पडतात त्या चकत्या
तिला हव्या असायच्या, रुपयाएवढ्या, कोऱ्या.
शेडमागे तिचं दुकान होतं.
एका चकतीला बिस्कीट, दोन चकत्यांना चहा.
चहा म्हणजे टोपणात पाणी.
मी आदल्या दिवशी उधार प्यायलो होतो.

डायवर एक चकती अडकली होती.
हात पोचेना
म्हणून ती पेडलवर चढली.

तीन बोटं. उजव्या हाताची.

वकील म्हणतात, मुलगी हजेरीपटावर नव्हती.
म्हणतात, फाटकावर पाटी होती,
लहान मुलांना सक्त मनाई.
पाटी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी होती.
रंग ओला होता, माझ्या बाहीला लागला,
शर्ट अजून धुतला नाही.
केवळाबाईला पाकीट दिलं, कागद पुढे केला.
सही येत नाही म्हणाली,
तर कोणीतरी म्हणालं, अंगठा चालतो.

इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, तार कोणी बांधली?
मी, म्हटलं.
पेन थांबलं. वही मिटायला लागले.
म्हटलं, साहेब, पुढचंही विचारा की.
कोणाच्या सांगण्यावरून,
किती नगांसाठी,
आणि शेजारच्या गाळ्यातल्या चार प्रेसना
आज सकाळी काय बांधलंय.

माझी नोकरी गेली. जाणारच होती.
परवा ज्ञानोबाच्या खोलीवर गेलो,
दोन चकत्या घेऊन.
पल्लवीनं डावा हात पुढे केला,
मोजून घेतल्या.
मग म्हणाली, उधारी कालची होती,
आज तीन होतात.