सोडायची बाजू

पूर्णगडच्या दवाखान्यात मंगळवार-शुक्रवार ड्रेसिंगचे.
कासमचाचा होडेकर नऊलाच येऊन बसतात,
एका पायात चप्पल, दुसऱ्याला प्लास्टिकची पिशवी,
पिशवीवर रत्नागिरीच्या कुठल्याशा साडी सेंटरचं नाव.

शिनाण्याच्या कडेनं कापलेलं ते.
तेव्हा नखाएवढं होतं, म्हणतात.
मग साखरेनं ते आतून आतून पोखरत नेलं,
आता माझी करंगळी अर्धी आत जाते.
डॉक्टर म्हणतात, दुखतंय ते बरंय,
नस अजून जिवंत आहे.
चाचा म्हणतात, डॉक्टरला सांग, तुझी नस दे.

गॉज चिकटलेला असतो.
मी सलाईन ओतते. थांबते. पुन्हा ओतते.
"हा पण पाणी खाराच," चाचा म्हणतात,
आणि मी चिमट्यात टोक धरलं
की बोलणं बंद.
डोळे टक्क उघडे. गाल आत. छातीचा कातळ.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक फेरी मारतो,
दुसरीतली अर्धी,
माणूस श्वासच घेत नाही.

आम्हाला शिकवलेलं,
जिल्हा रुग्णालयाच्या वरच्या हॉलमध्ये, लाईट गेलेली असताना:
चार मोजत नाकानं आत,
सहा मोजत तोंडानं बाहेर,
गरम चहावर फुंकर घालावी तसं.
मी चाचांना तेच सांगितलं, त्याच आवाजात.

"पोरी, धराचा कसा ता मना विचार.
चाळीस वर्सां खडकाखाली गेलो,
डोका खाली, हातात पहार.
वर होडीत खैरून आकडे मोजी,
शंभराच्या फुडं गेली का शिव्या देई,
पाण्याला, मना, माज्या बापाला.
खाली सोडलास तर मेलास.
एवढाच शिकलो बग."

मला काही सुचलं नाही.
त्या दिवशी गॉज तसाच निघाला, तुकड्यातुकड्यानं,
आणि चाचा भिजलेल्या पाठीनं घरी गेले.

शुक्रवारी मी विचारलं,
आणि वर आल्यावर?

चाचा खिडकीबाहेर बघत राहिले.
तिथं काही नव्हतं,
आमची अँब्युलन्स, बोनेटवर वाळत घातलेलं फडकं.
मग ओठांचा चंबू करून त्यांनी एक लांब आवाज काढला,
शीळ नाही, उसासा नाही,
पाणी फोडून वर आलेल्या माणसाचा तो आवाज,
सगळं एकदम न टाकता
बारीक धारेनं सोडलेला.
बाहेर नंबर लावून बसलेल्या बाया गप्प झाल्या.
त्यातली एक राजिवड्याची होती. ती नुसती म्हणाली,
"आला वर."

तेव्हापासून मी चार-सहा म्हणत नाही.
टोक धरते आणि म्हणते, वर या, चाचा.
ते येतात.
मध्येच बुडतात पुन्हा, मूठ वळते, पलंगाचा पत्रा वाजतो.
वर या.
फूऽऽऽ.
त्या लांब फुंकरीत गॉज इंचभर सुटतो,
पुढच्या फुंकरीत आणखी थोडा.
दुखणं जात नाही. कुणी सांगत असेल तर खोटं आहे.
एसटीत जाडी बाई जराशी सरकते
आणि आपल्याला मांडीभर जागा होते, तेवढंच.
तेवढ्यात माझा चिमटा पोहोचतो.

रात्री ठणकलं की काय करता?
"फुंकतो. भिंतीकडं तोंड करून.
पण मोजाला कोण नाय."

खैरूनचाचींना जाऊन तीन वर्षं झाली,
हे मला केसपेपरवरून कळलं,
नातेवाईक या रकान्यात खोडलेलं नाव होतं.

म्हणून आता मी मोठ्यानं मोजते.
सहावर थांबत नाही, मोजतच राहते,
बीटाडीन, कोरडा गॉज, कापूस,
सत्तर, एक्क्याऐंशी,
आणि पलंगावर श्वास जातो-येतो,
ओहोटीच्या वेळी खडपातून पाणी निथळावं तसा, घाई नसलेला.

"एकशे एक," मी म्हणते.
चाचा डोळे उघडत नाहीत.
"आता शिवी दे."

मला नोकरी आहे. मी शिवी देत नाही.
बँडेज जरा जास्तच घट्ट बांधते
आणि पुढचा नंबर पुकारते.