तळघरातली नोंदवही

सकाळी सात. हेलियम : चौऱ्याऐंशी टक्के.
रोज पहिली ओळ हीच लिहिते, मग चहा.
यंत्राच्या पोटात सोळाशे लिटर,
उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर,
आणि त्यात बुडून बसलेला चुंबक.
वर परळ घामानं निथळत असतं.

नऊचा पेशंट : पास्कू तुस्कानो,
वय एकाहत्तर, राहणार माझगाव.
पेसमेकर? नाही.
हाडात स्क्रू, डोळ्यात लोखंडाचा कण? नाही.
"काच आहे," अंगठा पुढे करत म्हणाले,
"एकोणऐंशी सालचा ळ अडकलाय आत."

निऑनच्या पाट्या करायचे.
"र काय, पोरंही वाकवतील.
ळ ला नळी दोनदा फिरते,
मऊ झालेली काच आपल्याच अंगावर कोसळते.
तोंडातल्या रबरी नळीतून फुंकत राहायचं,
नाहीतर वळणावर चपटी बसते.
ऑपेरा हाउसजवळ 'काळे आणि मंडळी',
एका पाटीत दोन ळ! नशीब माझं."

अक्षर उलटं मांडायचं,
नळीतली हवा उपसायची,
विजेनं ती आतून भाजून काढायची,
मग निऑन, चिमूटभर.
"चिमूटभरच हं. वीस वर्षं जळला तरी संपत नाही."
लाल हवा तर तो.
निळा हवा तर आरगॉन, सोबत पाऱ्याचा थेंब.
"गिऱ्हाईक विचारायचं, रंग कुठला भरता?
अहो, रंग नाहीच.
हाकेला ओ न देणारा वायू,
अंगातून वीज गेली तर तेवढा बोलतो."

"पुस्तकात राजवायू म्हणतात," मी म्हटलं.

"राजे कसले! आरगॉन तर फुकट फिरतो.
ह्या खोलीतल्या हवेत शंभरातला एक वाटा त्याचा.
छातीत जातो, तसाच बाहेर येतो,
पाहुणा चहा न घेता निघावा तसा.
दारूखान्यात वेल्डर स्टीलवर सोडतात त्याला,
सांधा होईपर्यंत हवेनं तोंड घालू नये म्हणून."

"आणि क्रिप्टॉन?"
"कधी हाताळला नाही. खोटं कशाला बोलू."

कानात बोळे घालून त्यांना आत सरकवलं.
टक टक टक टक, मग लांब भोंगा, मग पुन्हा टक टक.
इतका स्थिर माणूस मी कमी पाहिलाय.
पडद्यावर मेंदू उजळत गेला, पातळ कापांत,
आणि एकविसाव्या कापात
सुपारीएवढी एक जागा.

"काय दिसलं?"
"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."
अकरा वर्षं हेच वाक्य.
चेहऱ्याला काही चिकटू द्यायचं नाही,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
ते बघत राहिले माझ्याकडे,
नळीला बारीक गळती कुठे आहे
हे शोधताना बघत असतील तसे.

मग बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले,
"थेटरच्या प्रोजेक्टरात झेनॉन असायचा.
तोही म्हणे शेवटी जोडला गेला कुणाशीतरी."
"फ्लोरीनशी," मी म्हटलं,
आणि घसा खाकरला, उगाच.

त्यांनी तो विषय तिथेच ठेवला.
"तुमचं हेलियम उकळलं तर जातं कुठे?"
"गच्चीवर नळी आहे. तिथून वर.
फार हलकं, पृथ्वीला धरून राहत नाही."
"परत?"
"नाही."
मान हलवली, जणू हिशेब जुळला.

दुपारी वॉचमन म्हणाला,
एक आजोबा गच्चीचा जिना विचारत होते,
कुलूप आहे म्हटलं तर
खाली अंगणात उभे राहिले बराच वेळ, वर बघत.

नोंदवहीच्या समासात मी ळ काढून पाहिला,
पेन न उचलता.
जमतो.
दुसऱ्या वळणावर हात थांबतो तेवढा.