टू

कुमरेच्या रोशनीनं वहीत लिहिलं :
सर मेड अस टू पेंट द स्टोन्स.
लाल पेननं मी टू कापला.
मेकच्या मागं टू चालत नाही,
हॅवच्या नाही, लेटच्या नाही,
गेटच्या मागं मात्र लागतोच.
काहून, ते विचारू नये.
नियमाला माय-बाप नसतात.

दगड म्हणजे फाटकापासून
झेंड्याच्या ओट्यापर्यंतचे. छत्तीस.
साहेब येणार होते.
साहेबांनी केंद्रप्रमुखांना सांगायला लावलं,
केंद्रप्रमुखांनी मुख्याध्यापकांना धावायला लावलं,
मुख्याध्यापकांनी माझ्याकडून नववी उठवून घेतली,
आणि मी नववीकडून
चुना कालवून घेतला,
पळसाची मुळी ठेचून कुंचले करवून घेतले.
एप्रिल. दुपारचे दोन.
सावलीत एकच खुर्ची होती, शिपायाची.
तिच्यावर मी होतो.

आपल्याकडं हे सगळं एकटा व करतो.
निजणे, निजवणे. रंगणे, रंगवणे.
बैलाच्या कानामागच्या गोचिडासारखा
धातूला चिकटून असतो,
चटकन दिसत नाही.
इंग्रजीला तसं जमत नाही, पोरांनो,
तिथं करवणारा वेगळा शब्द होऊन
सगळ्यांसमोर उभा राहतो.
हे मी फळ्यावर समजावत होतो.
आणखी एक उदाहरण म्हणून लिहिलं
शिकणे,
आणि पुढचा शब्द लिहिताना
खडू मोडला.

मग म्हटलं, वाक्य फिरवा. पॅसिव्ह करा.
रोशनीनं उभ्या उभ्या फिरवलं :
वी वेअर मेड टू पेंट द स्टोन्स.
म्हणाली, "टू वापस आला सर.
आता नाई कापत का?"
नाही. आता तो लागतो.
"तुमी वाक्यातून निंगून गेले म्हून?"
तसंच काहीसं.
शेवटी बाय सर लिहिलं तरी चालतं.
नाही लिहिलं तरी चालतं.
"नाई लिहिलं तरी चालते," ती म्हणाली,
मला नाही, शेजारच्या पोरीला.
मग परत माझ्याकडं :
"मंग दोन्ही वाक्यं बरोबर हायत?"

व्याकरणानं, मी म्हणालो.

वही घ्यायला तिनं हात पुढं केला.
अंगठ्याच्या बेचक्यात
चुन्यानं कातडं गेलेलं,
वर खोबरेल चोपडलेलं.
वहीच्या कोपऱ्यालाही त्याचा डाग.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.
दुसऱ्या दिवशीही नाहीत.
दगड पांढरे फटक, ओळीत,
बकऱ्या त्यांना हुंगून पुढं जात होत्या.

संध्याकाळी उरलेल्या वह्या घेऊन बसलो.
बत्तीस जणांनी तोच टू लिहिला होता,
बत्तीस वेळा कापला.
प्रत्येक पानाखाली
नोकरी लागल्यापासून लिहितो तसं लिहिलं,
तपासले.

कोणी, ते लिहायची
आमच्याकडं पद्धत नाही.