जमिनीला एक काना

ग्रिम्सबीच्या गोदीपासून तिसरी गल्ली.
खाली बेकरी, वर आमचं भाडेकरारांचं ऑफिस.
कागदांना पावाचा वास लागतो
आणि वारा फिरला की धुरावलेल्या हॅडॉकचा.

मॉरीन ट्रँटर हातमोजे न काढताच बसल्या.
बहिणीनं मागे ठेवलेलं एक घर,
छत एकाच जागी गळणारं,
आणि पर्समध्ये बहिणीच्याच अक्षरातली जुनी यादी:
चौकशीचे साठ. कागदांचे चाळीस.
सामानाच्या नोंदीचे पंचवीस. जामीनदार तपासायचे तीस.
मी पेन्सिलनं एकेक ओळ आडवी करत गेले.
हे नाही. हेही नाही. हे तर मुळीच नाही.
"मग उरलं काय?"
भाडं उरलं. अनामत उरली, पाच आठवड्यांची,
सहाशे तेवीस पौंड, वर सात पेन्स.
किल्ली हरवली तर किल्लीचा खर्च, तोही पावती असेल तर.
"पावती," त्या म्हणाल्या,
जणू मी त्यांना शिवी दिली होती.

समोर क्लिफर्ड ब्रंबी.
गोदीवर चाळीस वर्षं बर्फ फोडलेला माणूस,
मुलाच्या माजी बायकोला जामीन राहायला आलेला.
मुलगा ॲबरडीनला, फोन उचलत नाही.
केझाया रात्रपाळी करून झोपलेली,
बाळ क्लिफर्डच्या शेजारणीकडे.
"ती सून होती," तो म्हणाला, "आता कागदावर माझी कोणी नाही.
म्हटलं, कागदावर काहीतरी असावं."

माझ्या भाषेत जमिनीला एक काना दिला
की जामीन होतो.
एवढीशी उभी रेघ,
कुणाच्या तरी शेजारी येऊन उभी राहिलेली.
हे त्याला सांगायचं होतं. सांगितलं नाही.
मी गुणाकार केला.
भाडं पाचशे चाळीस, त्याची तीसपट सोळा हजार दोनशे.
क्लिफर्डचं पेन्शन पंधरा हजार नऊशे.
खाली भट्टीचं दार आपटलं.

तेव्हा त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून
पन्नासची नोट काढून टेबलावर ठेवली.
"तपासणीचे. तिच्याकडून नको, माझ्याकडून घ्या."
जामीनदाराकडूनही नाही, मी म्हटलं.
"पण मी स्वतःहून देतोय."
तरी नाही.
त्याचे कान लाल झाले.
जन्मभर ज्याच्याकडून प्रत्येकानं काही ना काही कापून घेतलं
त्याला कुणीतरी सांगत होतं, तुझं घेता येत नाही,
आणि तो अपमान त्याला गिळवेना.

नोट तशीच पडून.
हीटरच्या वाऱ्यानं तिचा कोपरा उठायचा, बसायचा.
मॉरीनबाई तिच्याकडे बघत होत्या
गळक्या छताकडे बघावं तशा.
मग मोज्यातल्या एका बोटानं
त्यांनी ती परत सरकवली.
"तीसपटची अट कुणाची? कायद्याची?"
नाही, तुमचीच. अर्जावर तुमच्या बहिणीनं घातलेली.
"तिला आकड्यांचं फार वेड. खोडा."

मग क्लिफर्डनं अख्खा करार मोठ्यानं वाचला,
ओळीखाली बोट धरून,
आणि दोन ठिकाणी थांबला.
मी हातानं लिहिलं: एका वर्षापुरता.
आणि भाडं वाढवायचं तर आधी यालाही विचारायचं.
मॉरीनबाईंनी तोंड वाकडं केलं, सही केली.
साक्षीदार म्हणून बेकरीतली डोरोटा वर आली,
हात पुसायला विसरली.
तिच्या पिठाचा अंगठा
अजून आमच्या फाइलीत आहे.

जिन्यात क्लिफर्डनं पन्नासची नोट मोडली,
सगळ्यांसाठी मनुकांचे पाव घेतले.
मॉरीनबाईंनी एक घेतला, उभ्यानंच खाल्ला,
मोज्यावरचे कण झटकले, दारात वळल्या:
"आणि छत? त्याचा खर्च तरी भाडेकरूकडून...?"
नाही.
"वाटलंच होतं," म्हणाल्या,
आणि दुसरा पाव पर्समध्ये,
त्या यादीत गुंडाळून.