जाडी

स्टाव्हांगरपासून हेलिकॉप्टरने दीड तास.
ओडवाइग दोरावर लोंबकळते
लाट चढते-उतरते त्या पट्ट्यात,
जिथे पोलाद ना धड ओलं, ना धड कोरडं.

खरवडते. आधी शिंपले, मग गंज,
भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटणारा.
मापकाचं टोक टेकवते:
एकोणीस पूर्णांक चार.
नकाशात पंचवीस आहे.

खोल खाली जस्ताचे ठोकळे
पायांच्या वाटचं झिजतायत, मुकाट.

जोडाजवळ खड्डा, मसुराएवढा.
सगळा भार तिथेच येऊन बसतो
आणि लाट दर नऊ सेकंदांनी
विचारून जाते.

रेडिओवर ट्रूल्सही विचारतो, "टिकेल?"
ती आकडा सांगते.
तो पुन्हा विचारतो.
ती पुन्हा आकडाच सांगते,
मग हातमोजा काढून
उघड्या बोटाने खड्डा चाचपते,
जीभ जाते तशी
किडक्या दाताकडे.