तोंडावर बोट

डंडीत नोव्हेंबरला चारलाच दिवे लागतात.
टे नदी दिसेनाशी होते, पूल अर्धाच उरतो,
आणि मी उणे ऐंशीच्या फ्रीजमधून
जठराचा तुकडा काढते, तांदळाच्या दाण्याएवढा.
डबीवर नाव नाही. आकडा : ४१७.

यात आम्ही जे शोधतो
ते उण्यापुऱ्या बावीस अक्षरांचं.
चारच अक्षरांची बाराखडी, त्यातली बावीस.
एवढ्यात धड पत्तासुद्धा लिहून होत नाही.

ते काही घडवत नाही, ना मांस, ना आम्ल.
पेशीच्या गाभ्यातून निरोप निघतो,
हे त्याला वाटेत गाठतं, बिलगतं,
निरोप बोलायचा राहतो.
शाळेत बाई म्हणायच्या,
हाताची घडी, तोंडावर बोट. तसं.
बाईंचा राग नसायचा काही,
वर्ग चालायला एवढी शांतता लागतेच.

पण ४१७मध्ये एक बोट आठपट झालंय
आणि नेमकं त्या निरोपाच्या ओठांवर
जो म्हणायचा, पुरे आता, थांबा.
आणि दुसरं एक, वाढीच्या हावेला दटावणारं,
औषधालाही सापडत नाही.

शनिवारी पेशंटना लॅब दाखवायची होती.
नेटा लम्सडेन आली. ब्याऐंशी वर्षं,
दोन तृतीयांश जठर काढलेलं,
पर्समध्ये रुमालात बिस्किटाचा चतकोर,
दर तासाला एक घास म्हणून.
ती बघत होती माझ्या ओठांकडे.
वीस वर्षं तागाच्या गिरणीत
मागांच्या खडखडाटात सगळ्या बायका
ओठ वाचूनच भांडल्या, लग्नं जुळवली.

हे तुमचं बारकं, ते बोलतं काय?
बोलत नाही, म्हटलं. गप्प करतं.
हं, म्हणाली, दीड वर्ष मीही दुखणं पोटात ठेवलं.
तिच्या भाषेत हा वाक्प्रचार नाही.
मला मात्र तसंच ऐकू आलं.

मग स्क्रीनवरच्या लाल-हिरव्या चौकटींवर
वाकडं बोट टेकवत म्हणाली,
आमच्या शेडमध्ये आवाजाचं काही वाटायचं नाही गं.
दोनशेतला एक माग बंद पडला
की मान वळायची आपोआप.
कान गेलेल्यांचीसुद्धा. पायांना कळायचं.

तेव्हापासून मी यादी खालून वाचते.
ओरडणारे राहू देत,
आधी बघते कुणाचा माग थांबलाय.
सापडतं कधी. बरेचदा पेपेटच चुकलेली असते.

४१७ तिचंच का, हे विचारायची परवानगी नाही.

लिफ्टचं दार मिटताना
काचेतून ती काहीतरी म्हणाली, आवाजाशिवाय,
नुसत्या ओठांनी, जुन्या सवयीनं.
मला ओठ वाचता येत नाहीत.
निरोप होता, एवढं कळलं.